जैनबीच्या चार थापा

ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार. वेळ सकाळी सव्वाअकरा. हजर: मुलं एकोणीस, त्यांत मुली अकरा. सेविका मंगलताई. मदतनीस जैनबी. पर्यवेक्षिका, म्हणजे मी. सीताफळं पंधरा, पिकलेली.

सीताफळं भेटीच्या शेरेबुकात लिहिलेली नव्हती. ती आज, सहा वर्षांनी, इथे लिहिते आहे. त्या दिवशी त्या अंगणवाडीत काय काय होतं याची यादी त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

आता मी नांदेडला राहते आणि बिलोली तालुक्यातल्या अंगणवाड्या बघते. परवा बसस्थानकाबाहेर टोपल्या दिसल्या. खाली गवत, वर ओला पाला, आणि पाल्याच्या फटींतून डोकावणारे ते हिरवे खवले. विकणारी बाई एकेक फळ अंगठ्याने हलकेच दाबून बघत होती, डॉक्टर तान्ह्या बाळाचं पोट दाबतात तसं. "डोळे उघडलेलं बघून घ्या बाई, आज संध्याकाळपर्यंत पिकतंय." मी दोन किलो घेतली. घरी आणून परातीत मांडली. नवऱ्याने एक फोडलं, आतला पांढरा गर आणि त्यात रुतलेल्या काळ्याभोर बिया. इतक्या गुळगुळीत की हातात धरवत नाहीत. बोटांतून निसटते ती बी जिभेवरून किती सहज निसटत असेल, हा विचार माझ्या मनात सहा वर्षांपूर्वी, फळं घेताना, आला नव्हता.

तेव्हा माझ्याकडे चाकूर तालुक्यातल्या पंचवीस-सव्वीस अंगणवाड्या होत्या. ही अंगणवाडी ज्या गावात, ते रेणापूरच्या वाटेवर, रस्त्यापासून आत. ऑक्टोबरमध्ये तिथे पोहोचणं म्हणजे मळणीयंत्राच्या आवाजाकडे चालत जाणं. सोयाबीनचा भुसा हवेत असतो, उन्हात सोनेरी दिसतो आणि घशात खवखवतो. पाऊस संपलेला असतो पण माती अजून ओली. बांधावर तुरी फुलावर येतात. आणि माळावर सगळीकडे सीताफळं, कुणी लावलेली नाहीत, कुणी पाणी घातलेलं नाही, खडकात उगवून गोड होणारी. मराठवाड्यात फुकट मिळणारं एवढं गोड दुसरं काही नाही.

तरी मी ती विकत घेतली होती. चाकूरच्या फाट्यावर, पिशवीभर. वेळापत्रकात मंगळवारी 'हंगामी फळ' असं लिहिलेलं होतं, आणि ते लिहिलं होतं मीच.

"मॅडम, इकत आनलीत व्हय?" मंगलताईने पिशवीत डोकावून विचारलं. "आमच्या बांधावर पडून राहिलीत की."

"बांधावरची पोरांच्या पोटात गेली का?"

"पोरांच्या न्हाई, पाखरांच्या पोटात गेली," चुलीजवळून जैनबी म्हणाली. तिने मान वर केली नव्हती.

जैनबी पन्नाशी ओलांडलेली. गावातल्या पिंजाऱ्यांच्या घरातली. सासरे गाद्या भरायचे, नवरा गाद्या भरायचा. ती सकाळी पोरांना घरोघरी जाऊन गोळा करायची, खिचडी शिजवायची, ताटं घासायची, नाकं पुसायची. बोलायची कमी. बोलली की मंगलताई हसून खाली बसायची, एवढं बरोबर बोलायची.

मी मुलांना अर्धगोल बसवलं. प्रत्येकाच्या पुढ्यात सीताफळाचा एक मोठा तुकडा. आणि मग मला सुचलं की नुसतं खाण्यापेक्षा यातून अंकओळख होईल. मी सांगितलं, बिया गिळायच्या नाहीत. पुढ्यात ओळीत मांडायच्या. ज्याच्या बिया आधी दहा होतील, तो पहिला.

पोरं तुटून पडली. गर हनुवटीवरून ओघळत होता. "मॅडम, माझ्या चार," "माझ्या शंभर," असा गलका. मी टाळ्या वाजवत होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझ्याच कल्पनेचा अभिमान वाटत होता. पुढच्या बैठकीत हा उपक्रम सांगायचा, असंही ठरवून झालं होतं.

दाराजवळ स्वरा बसली होती. कविताची मुलगी, सव्वातीन वर्षांची, पिवळा झबला, केसांना दोन रबरं. सगळ्यांत हळू खाणारी. त्या दिवशी ती घाईत होती, कारण मी घाई लावली होती.

ती उभी राहिली. रडत नव्हती. खोकतही नव्हती. तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. बाहेर मळणीयंत्र चालू, आत गलका चालू. तिच्यापुरता सगळा आवाज बंद झाला होता. गुदमरणारं मूल ओरडतं, असं मला का वाटत होतं कुणास ठाऊक.

"ठसका लागला वाटतं," मंगलताई म्हणाली, आणि आम्ही दोघी धावलो. आम्ही दोघींनी एकच गोष्ट केली. मी तिची हनुवटी धरून मान वर केली. मंगलताईने टाळूवर थापट्या मारायला सुरुवात केली. "वर बघ बाळा, वर बघ. चिमणी बघ."

हे आपल्याकडे कुणी शिकवत नाही. ठसका लागला की वर बघायचं, टाळूवर फुंकर, आणि कुणी आठवण काढली त्याचं नाव घ्यायचं. माझ्या आईने माझ्यासाठी केलं, मी माझ्या मुलांसाठी केलं. त्या दिवशीही मी नावं घेत होते. "मामानं आठवण काढली बघ. आत्यानं काढली." तिचे ओठ निळसर व्हायला लागले होते आणि मी नातेवाइकांची यादी वाचत होते.

"मॅडम, सोडा."

मी सोडलं नाही. मला ते ऐकूच आलं नसावं.

"हात काढा म्हनून राहिले मी."

जैनबीने माझं मनगट धरून बाजूला केलं. खाली बसली, एक गुडघा टेकून. स्वराला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली, हनुवटीखाली आपला डावा हात. आणि उजव्या तळहाताच्या खालच्या भागाने, मनगटाजवळच्या, दोन खांद्यांच्या बरोबर मधे थाप मारली.

"अगं मारती का काय लेकराला," मंगलताई ओरडली. "उलटं नको धरू, वर बघू दे तिला."

दुसरी. तिसरी. जैनबी मोजत होती, पुटपुटत, तिच्या भाषेत. चौथीला बी बाहेर आली. यंत्राच्या आवाजात ती फरशीवर पडल्याचं ऐकू आलं नाही. मी पाहिलं. काळी, ओली, चकचकीत. एक उडी मारली आणि माझ्या चपलेपाशी थांबली.

मग स्वराने श्वास घेतला. तो श्वास मी आजही सांगू शकत नाही. विहिरीत रिकामी घागर बुडताना पाणी आत शिरतं, तसा काहीसा आवाज. आणि त्यामागून रडणं. इतकं मोठं, इतकं कर्कश, की बाकीची अठरा पोरं गप्प झाली आणि मग त्यांनीही सूर लावला. जैनबीने तिला उचलून खांद्यावर घेतलं. "रड माय, रड. जोरात रड." मंगलताई भिंतीला टेकून खाली बसली. मी उभीच होते.

किती वेळ गेला असेल? माझ्या मनगटावर घड्याळ होतं. प्रत्येक भेटीची वेळ मिनिटासकट लिहिणारी मी, तिकडे पाहिलं नाही.

हे सगळं तिला कुठून आलं, ते मला नंतर कळलं. तीनच आठवड्यांआधी चाकूरला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मीच भरवलं होतं. एक परिचारिका आल्या होत्या, सोबत रबरी बाहुली. त्यांनी नीट समजावलं. मूल खोकत असेल तर खोकू द्या. खोकला, आवाज, काहीच येत नसेल तर वाट बघू नका, पालथं धरा, पाठीवर पाच थापा. निघालं नाही तर बेंबीच्या वर कसं दाबायचं तेही दाखवलं. अडकलेलं दिसत नसेल तर तोंडात बोट घालायचं नाही. पाणी पाजायचं नाही. मग एकेका सेविकेने बाहुली मांडीवर घेऊन करून बघितलं. हजेरीपट माझ्या हातात होता. पहिलं नाव माझं. मी त्यावर खूण केली आणि दुसरं नाव पुकारलं. मला माईक बघायचा होता, जेवणाचं बघायचं होतं, फोन येत होते. बाहुलीला माझा हात लागलाच नाही.

मदतनीसांची नावं पटावर नव्हती. जैनबीला मी बोलावलं होतं ते चहा आणि सतरंज्यांसाठी. ती दाराशी किटली घेऊन उभी होती, आणि सगळ्या जणींची पाळी होईपर्यंत तिने ते सगळ्यांचं बघितलं. कुणाचा हात कुठे चुकला तेही.

"मॅडम, ही रोज दुपारी पोरं गेली की चटईला मारती," मंगलताईने नंतर मला सांगितलं. हसत होती, पण डोळे पुसत होती. कोपऱ्यात एक चटई गुंडाळून सुतळीने बांधलेली होती, मधे आवळलेली, वर डोक्यासारखी सुटी. "मी म्हनलं, डॉक्टरीण व्हनार का आता? चटईनं काय गुन्हा केलाय?"

"बाहुलीला समद्यांनी मारलं," जैनबी म्हणाली. "माझा नंबरच न्हाई लागला. मंग चटईला धरलं."

मी विचारलं, जोर किती लावायचा हे कसं कळलं. तिने जरा विचार केला. "भाकरीला लावतो त्यापेक्षा जास्त," ती म्हणाली, "आन् धुण्याला लावतो त्यापेक्षा कमी."

परिचारिकेच्या पुस्तकात हे नव्हतं. कुठल्याच पुस्तकात नसेल. नंतर मी शेकडो बायकांना हे वाक्य सांगितलं, आणि एकीलाही दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

मला त्या हातांचं नवल वाटतं. अजूनही. बोटांची नखं हळदीने पिवळी, अंगठ्यावर विळीची जुनी खूण, तळवा लाकडासारखा. आपण ज्ञान डोक्यात असतं असं धरून चालतो आणि मग डोक्यांची हजेरी घेतो. त्या दिवशी माझ्या डोक्यात पाचही थापा होत्या. क्रमाने, सूचनांसह. पण ज्या हातांनी आयुष्यभर मान वर केली, ते हात डोक्याला विचारायला थांबले नाहीत. आणि तिच्या हातांनी तीन आठवड्यांत, दुपारच्या रिकाम्या खोलीत, कुणी सांगितलं नसताना, पिढ्यान्‌पिढ्यांची सवय पुसून दुसरी लिहिली होती. एका माणसाला हे इतकं एकट्याने करता येतं, हे मला माहीत नव्हतं.

ते मूल तिचं नव्हतं. पट तिचा नव्हता. काही झालं असतं तर आधी बोट तिच्याकडेच गेलं असतं: उलटं धरून पाठीत मारणारी तीच होती, आणि मंगलताई तर तसं ओरडलीही होती. हेही तिला माहीत असणार. तिने हात आखडला नाही.

कविता रानातून धावत आली तेव्हा पायांत चपला नव्हत्या. आम्ही गावातली एक जीप काढून स्वराला चाकूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती नीट तपासली, संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं, आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही वेळेवर केलं म्हणून."

कविता शेजारीच उभी होती. मी डॉक्टरांचे आभार मानले.

अहवाल लिहिताना एक वाक्य असं उतरलं: 'पर्यवेक्षिकांच्या मार्गदर्शनाखाली तातडीने प्रथमोपचार करण्यात आला.' अशी वाक्यं आपोआप उतरतात. पंधरा वर्षं मी अशीच लिहीत आले होते.

पुढच्या भेटीला कविता अंगणवाडीत वाट बघत बसलेली. नारळ, खण, तांदूळ. "तुमच्यामुळं लेकरू हाताला लागलं, मॅडम," म्हणत तिने माझी ओटी भरली आणि पाया पडली. जैनबी मागे ताटं घासत होती. मी तिच्याकडे बघितलं.

"घ्या मॅडम," ती म्हणाली. "नारळाला न्हाई म्हनू ने."

मी घेतला.

कविता गेल्यावर मी जैनबीला म्हणाले, की हे बरोबर झालं नाही, मी कविताला सांगणार आहे, की केलं ते तू.

"सांगा की." तिने ताट उलटं करून निथळायला ठेवलं. "मंग सीताफळं कुनी आनली तेबी सांगावं लागंल. आन् शर्यत कुनी लावली ते. मान कुनी धरून ठिवली ते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती मला मदत करत होती. एक गोष्ट सांगितली की तिच्या मागून काय काय निघतं, ते पुढ्यात मांडून दाखवत होती.

"तुला राग नाही आला?"

"लेकरू रडलं मॅडम. झालं की माझं."

आता बिलोलीत मी प्रशिक्षण घेते तेव्हा पट उलटा वाचते. आधी मदतनीस, मग सेविका. सगळ्यांच्या आधी मी स्वतः गुडघा टेकते, बाहुली मांडीवर घेते आणि पाचही थापा मारते. त्याही आधी एक प्रश्न विचारते: "बाळाला ठसका लागला. काय करायचं?" आणि बघत राहते. सभागृहातले सगळे हात एकदम वर जातात, टाळूच्या उंचीवर. तरुण पोरींचे, म्हाताऱ्या बायांचे, बारावी झालेल्यांचे, अंगठा उठवणाऱ्यांचे. सीमेकडच्या गावातली गंगामणी नावाची एक मदतनीस आहे, घरी तेलुगू बोलते. ती गेल्या वर्षी म्हणाली, "आमच्यात फुंकर बी मारतेत मॅडम."

"मारा ना," मी म्हणाले. "लेकरू रडायला लागल्यावर मारा. आधी पालथं."

बाया हसल्या. पण मग एकेक पुढे आली, आणि बाहुलीला पालथं करताना प्रत्येकीचा हात क्षणभर अडखळला. टाळूकडे जायची सवय असलेल्या प्रत्येक हाताला तो क्षण ओलांडावा लागतो. काही दोन प्रयत्नांत ओलांडतात, काही दहा. गंगामणीला सात लागले. सातव्यांदा तिचा हात सरळ जागेवर गेला. सगळ्या जेवायला उठल्या होत्या, ती तिथेच बसून होती, बाहुली पालथी धरून.

हे सगळं मी करते. जैनबीचं नाव घेऊन करते. ती आता निवृत्त झाली, मुलाकडे उदगीरला असते. फोन केला की तब्येत विचारते, पाऊस विचारते. कविताला सांगितलं का, ते मात्र कधी विचारत नाही.

गेल्या रविवारी मी नांदेडहून सकाळची बस धरली. अहमदपूर, चाकूर, तिथून रिक्षा. मळणीयंत्राचा आवाज रस्त्यापासूनच येत होता. ठरवून गेले होते. कविताच्या घरात शिरायचं, पाणी घ्यायचं, बसायचं, सांगायचं. क्रमसुद्धा ठरला होता: आधी फळं, मग शर्यत, मग मान, मग जैनबी.

दार स्वराने उघडलं. नऊ वर्षांची. उंच झाली आहे, पुढचे दात मोठे. मला तिने ओळखलं नाही, पण "मॅडम" म्हटलं. साडी आणि पिशवी बघून म्हटलं असावं. आई रानात गेलीय, म्हणाली, सोयाबीनला. बाबाबी. संध्याकाळी येतेत. मी बसले. तिने तांब्या आणला. मग जी बोलायला लागली ती थांबेना. शाळेत धावण्यात पहिली आली ते. शेजारच्या गल्लीपर्यंत आणि परत, एका दमात, ते. "बघता का?" असं विचारून माझ्या उत्तराआधीच ती पळाली. चपला दारातच. कोपऱ्यावर वळली, दिसेनाशी झाली, आणि भुशाच्या धुरळ्यातून पुन्हा उगवली. माझ्यापुढे येऊन थांबली. गुडघ्यांवर हात. तिचा गळा वरखाली होत होता, श्वास आत आणि बाहेर, आत आणि बाहेर, कुणी न सांगता. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. इतकी वर्षं तो श्वास तिच्याबरोबर शाळेत गेला, झोपला, भांडला, पळाला. तिला त्याची खबरही नाही.

"आईला काय निरोप सांगू?" तिने विचारलं. धाप अजून लागलेली होती.

मी पिशवी उचलली. निरोपावर पाठवण्याची ही गोष्ट नव्हती, आणि या पोरीच्या तोंडून तर नाहीच.

"मी परत येईन म्हणून सांग."

"कधी?"

"मळणी उरकली की."

मळणी अजून चालू आहे. कविताला सांगायचं राहिलं आहे.